शाळा सुटल्यावर

दादरला पश्चिमेच्या पुलावरून उतरलं की आपण चालत नाही, गर्दीच आपल्याला नेते. संध्याकाळचे साडेपाच वाजून गेलेत. मेथीच्या जुड्या, केसांच्या पिना, मोबाइलची कव्हरं, झेंडूचे ढीग, सगळं रस्त्यातच मांडलेलं. एक बाई पर्स छातीशी धरून दुसऱ्या हाताने जुडी उलटीपालटी करते आणि घासाघीस न करता पिशवीत टाकते. तिची लोकल सुटायची वेळ झालीय. मी त्या लोंढ्यातून अंग काढून घेते आणि छबिलदास शाळेच्या गल्लीत शिरते.

शाळा सुटलेली आहे. पाठीवर दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली, शर्ट अर्धा बाहेर आलेला, अशी मुलं माझ्या दोन्ही बाजूंनी धावत जातात. एक जण दुसऱ्याची वही उंच धरून पळतोय आणि मागचा त्याच्या नावाने ओरडतोय. कुठल्याही गावातल्या शाळेबाहेर या वेळी हेच दिसतं. गल्लीत रिकामी जागा म्हणून नाही, तरी एक टेम्पो मागे घेतला जातोय आणि सगळे त्याला हाताने इशारे करतायत.

मी बुऱ्हाणपूरची. तापीकाठच्या त्या गावात सिंधीपुऱ्यात आमचं घर आहे आणि माझं सगळं आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलं. मुंबईत नात्यातलं एक काम होतं, ते आटोपलंय. परतीची गाडी रात्रीची आहे. मधला वेळ मला या इमारतीसमोर घालवायचाय. १९७४ पासून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या शाळेच्या सभागृहात मराठी प्रायोगिक रंगभूमी राहायला होती. दिवसा फळा आणि खडू, संध्याकाळी नाटक. दादरच्या एका शाळेचं नाव एका नाट्यचळवळीला मिळालं आणि आजही ‘छबिलदास’ म्हटलं की नाटकवाल्यांच्या डोळ्यांसमोर आधी वर्ग येत नाहीत, रंगमंच येतो.

फाटकासमोर उभी राहून मी वर बघते. खिडक्यांच्या रांगा, भिंतीवरून उतरलेले पाइप, जुन्या मुंबईतल्या शाळांची असते तशी उभी, दाटीवाटीने वसलेली इमारत. थाटमाट काहीच नाही. नाट्यगृहाला असतात तसे मोठे फलक नाहीत, गाड्या लावायला आवार नाही. रंगमंदिर म्हणून कुणी ही बांधली असती तर जागाच चुकली असं म्हणावं लागलं असतं. पण चळवळीच्या दृष्टीने ही जागा अचूक होती. मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वेमार्गांच्या गाड्या दादरला थांबतात. गिरगावातला, परळचा, ठाण्याचा, बोरिवलीचा माणूस एका तिकिटात इथे उतरतो आणि चालत येतो. मराठी मध्यमवर्गाचा दादर-माहीम-शिवाजी पार्क हा भाग तर हाकेच्या अंतरावर. नाटक बघायला येणाऱ्याच्या खिशात परतीचा पास असावा, एवढीच तेव्हा अट होती.

वड्याचा वास गल्लीभर भरलाय. शाळेजवळचं ‘श्रीकृष्ण’ हे बटाटेवड्याचं दुकान मुंबईकरांना माहीत आहे. रांगेत मी उभी राहते. आतला माणूस पिठात बुडवलेला गोळा कढईत सोडतो, बोटं तेलाच्या अगदी जवळ जातात आणि वेळेवर मागे येतात. वडा एकदा उलटतो, फुगतो, झाऱ्यावर येतो, निथळतो आणि कागदात पडतो. कागदातून तेल माझ्या तळहातापर्यंत पोचतं. माझ्या पुढचे गृहस्थ पंचाहत्तरीचे असावेत. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला शबनम. त्यांनी दोन वडे घेतलेत आणि खायला कडेला उभे आहेत.

“काका, सभागृहात जायचा जिना कुठून हो?” मी विचारते.

“कशाला? नातवाचं ॲडमिशन का?”

“नाही. इथे नाटकं व्हायची, ती जागा बघायची होती.”

ते वडा कागदावर ठेवतात. “कुठून आलात ताई?”

“बुऱ्हाणपूरहून.”

“एवढ्या लांबून! अहो, ही गल्लीसुद्धा त्या जागेचाच भाग होती. आधी इथे वडा खायचा, मग वर जायचं. मी फोर्टात बँकेत होतो. ऑफिस सुटलं की लोकल पकडून थेट इथे. कधी खुर्च्या मांडायला माणसं कमी असली तर आम्हीच हात लावायचो. नट कोण, प्रेक्षक कोण, नाटक सुरू होईपर्यंत कळायचं नाही.”

ते बोलत राहतात आणि मी ऐकत राहते. मला हेच हवं होतं. नाटकांची नावं पुस्तकांत मिळतात, पण प्रेक्षकच खुर्च्या मांडायचे हे तिथे बसलेला माणूसच सांगू शकतो.

या खुर्च्यांपर्यंत मराठी नाटक कसं पोचलं, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. १९६०मध्ये ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था सुरू झाली. विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे अशी माणसं तिच्यात होती. व्यावसायिक रंगभूमीवर ज्याला तारीख मिळाली नसती असं नाटक करायचं, हा तिचा ध्यास. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७मध्ये ‘रंगायन’नेच आणलं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, आणि लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. पुढे ‘रंगायन’ फुटली. १९७१मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘आविष्कार’ काढली. पहिलं नाटक गिरीश कार्नाड यांचं ‘तुघलक’, मराठी अनुवाद तेंडुलकरांचा.

माणसं होती, नाटकं होती, जागा नव्हती. नाटकाच्या मंडळाला जागा दोनदा लागते. महिना-दोन महिने रोज तालमीला आणि मग प्रयोगाला. तालमीची जागा प्रेक्षकाला कधी दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. वॉर्डन रोडवरची भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट ही अशी एक जागा होती. तिथे चित्रकार, संगीतकार, नाटकवाले एका छपराखाली काम करायचे. ती गेली. मोठ्या नाट्यगृहाचं भाडं भरायचं तर निदान अर्धं नाट्यगृह भरायला हवं आणि ते भरायचं तर लोकांना आधीच आवडलेलं नाटकच करायला हवं. जे नाटक अजून कुणी पाहिलेलंच नाही, त्याने या हिशेबात कसं बसायचं?

या गल्लीतून चालत काही मिनिटांवर शिवाजी मंदिर आहे. येताना मी त्याच्यासमोरूनच आले. बाहेर नाटकांच्या जाहिराती, तिकिटाच्या खिडकीशी माणसं, कुणी फोनवर “बाल्कनी चालेल का?” असं विचारतंय. व्यावसायिक मराठी नाटकाचा तो बालेकिल्ला १९६५पासून उभा आहे आणि त्याने मराठी माणसाला भरभरून दिलंय. पण एकाच पेठेत दुकानही लागतं आणि कारखानाही. छबिलदास हा कारखाना झाला.

सुलभा देशपांडे या शाळेत शिक्षिका होत्या. आपल्या विद्यार्थ्यांसाठी नाटकं बसवता बसवताच त्या रंगभूमीच्या कामात शिरल्या. त्यामुळे ‘आविष्कार’ला ही वास्तू परकी नव्हती. १९७४मध्ये शाळेचं सभागृह संध्याकाळी नाटकांसाठी मिळू लागलं. मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की ‘आविष्कार’ने ती जागा स्वतःपुरती ठेवली नाही. सत्यदेव दुबे यांचं थिएटर युनिट इथे आलं, अमोल पालेकरांची ‘अनिकेत’ आली. ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकावरच्या वादानंतर १९७३मध्ये आधीच्या संस्थेतून वेगळी झालेली पुण्याची थिएटर अकॅडमी आपले प्रयोग घेऊन आली. एका संस्थेने किल्ली मिळवली आणि दार सगळ्यांसाठी उघडलं.

“महानिर्वाण पाहिलं होतंत का इथे?” मी काकांना विचारते.

“पाहिलं म्हणजे! मेलेला माणूस कीर्तन करतोय आणि आम्ही त्याच्यापासून दोन हातांवर बसलोय. हसावं की नाही तेच कळेना. बाहेर पडलो तर गल्लीत कुणी बोलेना. मी स्वतः चाळीत राहणारा. ते आमच्याच चाळीतलं मरण होतं हो.”

सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ १९७४चं. कीर्तनाचा साज घेऊन ते मध्यमवर्गीय मरणाचे सगळे विधी उलगडतं. ‘आविष्कार’ने तेंडुलकरांचं ‘पाहिजे जातीचे’ केलं ते १९७६मध्ये. घराण्यात पहिल्यांदा एम.ए. झालेला एक तरुण खेड्यातल्या कॉलेजात शिकवायला जातो आणि शिक्षणाच्या नावाखाली चाललेलं जातीचं, लागेबांध्यांचं राजकारण त्याला दिसू लागतं. त्यात नाना पाटेकर होते. ते नाटक एका शाळेच्या इमारतीत व्हावं, शिक्षकाची गोष्ट शाळेच्या छपराखाली सांगितली जावी, याचं मला आज या फाटकाशी उभं राहून फार अप्रूप वाटतं. जयदेव आणि रोहिणी हट्टंगडी यांनी लोर्काचं ‘येर्मा’ ‘चांगुणा’ या नावाने मराठीत आणलं. पालेकरांनी बादल सरकारांचं ‘जुलूस’ केलं. त्यात नट प्रेक्षकांच्या मधून, आजूबाजूने फिरतात. रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामधली रेघच पुसून टाकतात. ठोकून बसवलेल्या खुर्च्यांच्या नाट्यगृहात हे जमलं नसतं. खुर्ची उचलून हलवता येते, म्हणून नाटकही हलवता आलं.

शाळेच्या सभागृहाने नाटकाला आणखी एक गोष्ट दिली. तिथे नाटक पडायची मुभा होती. वीस लोक आले तरी संस्था बुडत नव्हती. पंचवीस वर्षांचा दिग्दर्शक आपलं पहिलं, कच्चं, चुकीच्या जागी लांबलेलं नाटक चार जाणत्या माणसांसमोर करून बघू शकत होता, त्यांचे बोल ऐकू शकत होता आणि दुसरं नाटक लिहू शकत होता. वर्गात तरी आपण दुसरं काय करतो? चुकायला सुरक्षित जागा देतो. शाळा सुटल्यावरही ती इमारत तेच काम करत राहिली, फक्त विद्यार्थी मोठे झाले होते.

मुलांनाही या चळवळीने सोडलं नाही. ‘आविष्कार’ची बालनाट्याची शाखा ‘चंद्रशाळा’. तिचं ‘दुर्गा झाली गौरी’ हे १९८०च्या दशकातलं नृत्यनाट्य कितीतरी पिढ्यांच्या मुलांनी केलं आणि पाहिलं. पुढे नावारूपाला आलेले कितीतरी नट त्यात आधी गर्दीत नाचलेत.

जगात इतरत्रही असं घडलंय. न्यूयॉर्कमध्ये बंद पडलेल्या ‘पब्लिक स्कूल नंबर १’ या शाळेत १९७६मध्ये समकालीन कलेचं केंद्र उघडलं. त्याच शहरातली १२२ नंबरची सरकारी शाळाही कलाकारांनी १९८०च्या सुमाराला प्रयोगांची जागा केली. दोन्ही जागा त्या शाळांच्या नंबरांनीच ओळखल्या गेल्या. पण तिथल्या शाळा बंद पडल्या होत्या. छबिलदासमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना व्हायची होती, हजेरी व्हायची होती. रात्री मांडलेली प्रत्येक खुर्ची रात्रीच उचलून ठेवावी लागत होती. चालती शाळा आणि चालतं नाट्यगृह एकाच छपराखाली नांदवणं हे रिकाम्या इमारतीत शिरण्याहून कितीतरी अवघड, आणि म्हणूनच आपल्या गावांना जास्त उपयोगाचं.

ते काम दिसत नाही. ते अरुण काकडे यांनी केलं. सगळे त्यांना काकडेकाका म्हणायचे. तारखा, परवानग्या, पैसे, चहा, कुलूप, किल्ली. पडद्यामागे राहून त्यांनी सुमारे अर्धं शतक ही संस्था चालवली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला छबिलदास सुटलं तेव्हा ‘आविष्कार’ माहीमला गेली. कुठे? महापालिकेच्या शाळेत. पुन्हा शाळाच. तिथे चेतन दातारांसारखा दिग्दर्शक बहरला आणि २००८मध्ये अकालीच गेला. अरविंद देशपांडे १९८७मध्येच गेले होते. त्यांच्या नावाने ‘आविष्कार’चा नाट्यमहोत्सव होऊ लागला. सुलभाताई २०१६मध्ये गेल्या, काकडेकाका २०१९मध्ये.

काकांचे वडे संपलेत. ते कागदाची गोळी करून डब्यात टाकतात. “आता प्रायोगिकला जागा आहेत थोड्याफार. पृथ्वी आहे, इकडेतिकडे छोटी थिएटरं निघतात. चांगलंच आहे. पण ताई, तिकीट काढून थिएटरात जाणं वेगळं आणि आपल्या रोजच्या रस्त्यावरच्या शाळेत शिरणं वेगळं. इथे भीती वाटायची नाही.” मग एकदम विचारतात, “तुमच्या गावाला आहे का असं काही?”

मी म्हणते, “सभागृहं आहेत. संध्याकाळी कुलूप असतं.”

ते मान हलवतात. गल्लीतले दिवे लागलेत. मी त्यांचा निरोप घेते आणि पुलाकडे वळते.

गाडी पहाटे बुऱ्हाणपूरला पोचते. स्टेशन लालबागेत, गावापासून थोडं बाहेर. रिक्षावाला ओळखीचा निघतो आणि सिंधीपुऱ्याचं नाव काढल्यावर भाड्याची घासाघीस होत नाही. रावेरकडून आलेले केळीचे ट्रक रस्त्याने चाललेत. गल्लीत शिरतानाच मागांचा आवाज येतो. बुऱ्हाणपूर हे यंत्रमागांचं गाव, त्यामुळे हा खडखडाट इथे रात्रंदिवस असतो. झोपेत तो ऐकू येत नाही. वीज गेली आणि तो थांबला, की मात्र सगळं घर जागं होतं.

आमच्या या वस्तीला सिंधमधून आलेल्या माणसांचा इतिहास आहे. सोळाव्या शतकात तिकडच्या अस्थिर काळात सूफी संत आणि त्यांच्यासोबतची कुटुंबं सिंध सोडून निघाली आणि फारुकी राजांच्या बुऱ्हाणपुरात स्थिरावली. सूफींच्या शत्तारी परंपरेतले शेख ईसा जुंदुल्लाह हे या कुटुंबांतलं मोठं नाव. ते १६२२मध्ये वारले. या संतांच्या खानकाहांत, म्हणजे मठांत, शिकणं आणि शिकवणं चालायचं. गावाचं नाव तर थेट खुलताबादच्या संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्यावरून पडलेलं. पुढे मुघल आले. मुमताज महल १६३१मध्ये इथेच वारली. उदगीरच्या लढाईनंतर १७६०मध्ये बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आलं, मग शिंद्यांकडे गेलं. मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती, सगळं इथल्या एकाच बाजारात बोललं जातं. एवढ्या भाषांच्या गावाला एकत्र बसून काही ऐकायची सवय जुनीच आहे. जागा मात्र दर पिढीला नव्याने शोधावी लागते.

आज संध्याकाळी मी ती शोधणारी मुलं बघायला निघालेय. आमच्या ओळखीच्या एका घराची मागांची शेड आठवड्याच्या सुट्टीला बंद असते. त्या एका संध्याकाळी काही मुलंमुली तिथे एकांकिकेची तालीम करतात. त्यांनी आधी एका शाळेचं सभागृह मागितलं होतं. त्यांच्या वतीने मीच अर्ज लिहिला होता. भाडं देऊ, झाडून काढू, परीक्षेच्या दिवसांत येणार नाही, असं सगळं त्यात लिहिलं होतं. “बाहेरच्यांना देत नाही,” असं उत्तर आलं. त्यातली निम्मी मुलं त्याच शाळेत शिकलेली आहेत.

शेडमध्ये माग रांगेने उभे आहेत, ताणा तसाच लावलेला. खाली सुताचे बारीक तंतू साचलेत आणि पाय टाकला की उडतात. दोन मागांच्या रांगांमधल्या बोळात एका मुलाने खडूने चौकोन आखलाय. तोच रंगमंच. तो इतका अरुंद आहे की दोघं समोरासमोर आली तर तिसऱ्याला मागाच्या दांड्याला टेकून उभं राहावं लागतं. गोष्ट त्यांनीच रचलीय. विणकर बाप, कॉलेजात जाणारा मुलगा, माग विकायचा की ठेवायचा याचा वाद. बाप उर्दू मिसळलेल्या हिंदीत बोलतो, शेजारीण मराठीत. आमच्या गल्लीत हे असंच चालतं, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

शेजारणीचं काम करणारी मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. तिला एक वाक्य जमत नाहीये. वाक्य साधं आहे, पण ती प्रत्येक वेळी ते प्रेक्षकांकडे तोंड करून म्हणते, भाषणासारखं.

“बाई, मी कुणाकडे बघू?” ती मला विचारते.

“माग विकला जातोय ना? मागाकडे बघ.”

ती वळते. शेजारच्या मागाच्या लाकडावर हात ठेवते. ते लाकूड वर्षानुवर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालंय. या वेळी ती वाक्य हळू म्हणते आणि मागच्या रांगेतल्या दोघांची कुजबुज थांबते. बाप झालेला मुलगा आपलं पुढचं वाक्य विसरतो, कारण तो तिच्याकडेच बघत राहिलाय. मग सगळे हसतात आणि तालीम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आठच्या सुमाराला मालकांचा मुलगा येऊन सांगतो की आता आवरा, सकाळी पाळी सुरू व्हायची आहे. मुलं खडूची रेघ पायाने पुसतात, पिशव्या उचलतात. पुढची तालीम आठवड्याने.

आठवड्यातून एकदा तालीम करून नाटक होत नाही, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही. बाहेर पडताना आम्ही त्या शाळेवरूनच येतो. फाटक बंद. आत सभागृहाच्या खिडक्या काळोख्या. वर्षातून एकदा स्नेहसंमेलन, दोनदा झेंडावंदनानंतरचे कार्यक्रम, कधी निवडणुकीचं मतदान. बाकी सगळ्या संध्याकाळी ती जागा तशीच पडून असते.

हे बुऱ्हाणपुराचंच नाही. रावेर, भुसावळ, अमळनेर, अचलपूर, बेळगाव, कारवार, मराठी बोलली जाते अशा कुठल्याही गावात जा, शाळेला सभागृह आहे आणि नाटकाला, गाण्याला, चित्राला जागा नाही. नगरपालिकेने कोटी-कोटींचं नाट्यगृह बांधायची वाट बघण्यात एक पिढी जाते. बांधलं तरी त्याचं भाडं गावातल्या मुलांना परवडत नाही. छबिलदासची इमारत कुणी नव्याने बांधली नव्हती. तिथे एक शाळा होती, संध्याकाळी रिकामं असणारं एक सभागृह होतं, ते मागणारी माणसं होती आणि हो म्हणणारं व्यवस्थापन होतं. मराठी नाटकाच्या इतिहासातली जवळपास दोन दशकं त्यावर उभी राहिली.

म्हणून शाळा चालवणाऱ्या संस्थांना माझी हात जोडून विनंती आहे. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तुमचं सभागृह गावातल्या मुलांना द्या. अटी हव्या तेवढ्या घाला. परीक्षेचे महिने वगळा. विजेसाठी वेगळा मीटर लावा. अनामत रक्कम घ्या. बाहेर पडायचे दोन्ही दरवाजे उघडे राहतील आणि आग विझवायची सोय चालू असेल हे बघा. जबाबदार म्हणून एका माणसाचं नाव लिहून घ्या आणि किल्ली त्याच्याच हातात द्या. शक्य असेल तर ती किल्ली शाळेतल्याच एखाद्या शिक्षकाकडे असू दे, म्हणजे दोन्हीकडचा विश्वास टिकेल. आणि एकाच मंडळाला जागा बांधून देऊ नका, सगळ्यांसाठी वेळापत्रक करा.

नाटक करणाऱ्या मुलांनाही सांगते. खुर्ची जिथून उचलली तिथेच ठेवा. फळ्यावरचं लिहिलेलं पुसू नका, सकाळी एखाद्या वर्गाला ते लागणार असतं. प्रयोगाला शाळेच्या शिपायाला आणि मुख्याध्यापकांना पहिल्या रांगेत बसवा. परवानगी एकदा मिळते, पण टिकवावी लागते ती रोज.

माझा अर्ज मी पुन्हा लिहिलाय. या वेळी त्यात छबिलदासचा उल्लेख केलाय, वर्षासकट. सोमवारी मी तो स्वतः नेऊन देणार आहे. तुमच्या गावातही असं एखादं कुलूप असेल, तर तुम्हीही अर्ज लिहा.